जागेवरून उठायचं नाही

आमच्या घरात दोन पार्ट्या होत्या. राजकारणातल्या म्हणत नाही, त्या तर गावात होत्याच, या क्रिकेटच्या. आबा, म्हणजे माझे वडील, हैदराबादचे आणि भाऊ, माझा थोरला भाऊ, मुंबईचा. मी भाऊच्या मागून मुंबईची. आता कागदावर पाहिलं तर बीड जिल्हा पुण्याच्या बाजूच्या महाराष्ट्र संघात मोडायचा, म्हणजे आम्ही खरं तर त्यांच्या नावानं ओरडायला हवं होतं. पण आमचं घर सोडाच, अख्ख्या गावात त्या संघाला एक माणूस मिळेल तर शपथ! मला त्या संघाचं आजही वाईट वाटतं.

आबांचं शिकणं निजामाच्या राज्यात झालेलं, हैदराबादला, मामाच्या घरी राहून, सगळं उर्दूतून. पाढे ते शेवटपर्यंत उर्दूतच म्हणायचे आणि राग आला की शिव्याही त्याच भाषेत, इतक्या अदबीनं की ज्याला दिल्या त्याला वाटावं आपली तारीफ चाललीय. तिथल्या मैदानाच्या भिंतीवर चढून त्यांनी सामने पाहिलेले. पुढं निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, तहसिलातले कागद मराठी झाले. आबांनी सगळं मान्य केलं, संघ तेवढा बदलला नाही. भाऊची गोष्ट वेगळी. तो मराठी शाळेत शिकला, वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला, एस.टी.तून शिळा होऊन येणारा मुंबईचा पेपर वाचून मोठा झाला. हैदराबाद म्हणजे त्याच्या लेखी आबांच्या तोंडचं एक जुनं गाव. मुंबई तरी त्यानं कुठं पाहिली होती म्हणा! पण जीव तिथं टांगलेला. आबा म्हणायचे, "तुमचे मुंबईवाले रन काढत्यात. आमचे हैदराबादवाले खेळत्यात." भाऊ भाकरीचा तुकडा मोडत विचारायचा, "मग कप कोन नेतंय, आबा?" की आबांना एकदम तहान लागायची. माय चुलीपुढून दोघांना झापायची, "तुमच्या हैदराबादनं न्हाईतर मुंबईनं, कुनीबी मला एक घागर भरून आनून द्यावी. त्यांच्या नावानं गावजेवण घालीन."

घागरीचं ती उगाच म्हणत नव्हती. ते दुष्काळाचे दिवस. विहिरीच्या तळाला गाळ, झाडाला पान नाही, आणि गावाबाहेर रस्त्याच्या कामावर खडी फोडल्याचा ठणठण आवाज दिवसभर. तो आवाज इतका अंगवळणी पडला होता की दुपारी जेवायच्या सुट्टीत तो थांबला की मी दचकायची. रेशनला मिलो यायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना माय रडकुंडीला यायची. कड फाटायची, तव्यावर पडेपर्यंत तुकडे व्हायचे. ती घशाखाली उतरायला येसराची आमटी लागे, आणि येसर, म्हणजे धान्य-मसाला भाजून दळलेलं पीठ, डब्याच्या बुडाशी आलेलं. माय ते अक्कासाठी राखून ठेवायची. अक्का माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोट एवढं की चौकटीतून तिरकं होऊन यावं लागायचं. आम्ही तिच्या वाटचं राखायचो आणि ती माय पाठमोरी झाली की गुपचूप माझ्या ताटात सरकवायची. "खा गं शके, मला मळमळायलंय," म्हणायची. मळमळत बिळमळत काही नव्हतं तिला.

गावात सहकारी जिनिंग होती, कापसातली सरकी काढून गाठी बांधायची. भाऊ तिथं काट्यावर होता. पण कापूसच नाही तर वजन कशाचं करणार? यंत्रं गप्प, पत्र्याच्या शेडमधल्या जाळ्यांना जुन्या कापसाचे पुंजके लटकलेले. सोसायटीच्या दोन वस्तू तेवढ्या चालू होत्या. एक जीप, तिला मागं पाण्याची टाकी जोडून याकूबचाचा गावाला पाणी आणायचे. आणि दुसरा रेडिओ, तो चेअरमनसाहेबांनी शेतकऱ्यांनी शेतीचा कार्यक्रम ऐकावा म्हणून घेतलेला. तो कार्यक्रम कुत्रंसुद्धा ऐकायचं नाही. पेरणीच नाही, तर सुधारित बियाण्याची माहिती ऐकून काय चाटायचीय? पण सामना असला की सेल सकाळपासून उन्हात मांडून ठेवलेले असायचे, म्हणजे त्यांच्यात घटकाभर जास्त जीव राहतो.

बसायच्या जागा ठरलेल्या. शेडच्या सावलीत हैदराबादवाले: आबा, गणपतअण्णा, अशी निजामाच्या काळात मिसरूड फुटलेली सगळी मंडळी. याकूबचाचाही तिकडचेच, त्यांची अर्धी खाला-मामू हैदराबादला. समोर काट्याच्या चौथऱ्यावर मुंबईवाले, भाऊच्या वयाची पोरं. मधे खुर्चीवर रेडिओ. मी आबांची आणि भाऊची भाकरी घेऊन जायची आणि चौथऱ्याच्या कडेला टेकायची, ती सहजासहजी उठायची नाही. बायका नाकं मुरडायच्या, पोरीच्या जातीला काय करायचंय मुंबईचं! मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आणि एक नियम होता. आपल्या बाजूचं बरं चाललं असेल तर जो जिथं बसलाय त्यानं तिथून हलायचं नाही. मांडी घातलेली असेल तर मांडी, उकिडवा असेल तर उकिडवा. गणपतअण्णा एकदा न पेटवलेली विडी ओठात धरून चहाच्या सुट्टीपर्यंत बसले होते, कारण काडी ओढली आणि विकेट पडली तर ती कुणाच्या डोक्यावर? हसा खुशाल. पण ज्यानं जीव लावून एकदा तरी सामना ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हैदराबाद आणि मुंबईची गाठ रोज पडत नसे. त्या वर्षी पडली. हैदराबादच्या पहिल्या डावात त्यांची एक जोडी जमली, आउटच होईना, तेव्हा भाऊनं चावटपणा केला. सोसायटीच्या शिपायाला शिकवून ठेवलं. तो बिचारा धापा टाकत आला आणि रडक्या आवाजात ओरडला, "चाऱ्याची ट्रक आली वं! संपायला लागली!" खरंच आलीय म्हणून भाऊनं वर मायची आन घेतली. दुष्काळात चारा म्हटल्यावर कोण बसून राहील? सगळे हैदराबादवाले धोतरं सावरत रस्त्याकडं पळाले. रस्त्यावर धूळसुद्धा नव्हती, आणि इकडं रेडिओवर विकेट. चौथऱ्यावर आम्ही हसून हसून आडवे. आबा त्या दिवशी घरी भाऊशी एक अक्षर बोलले नाहीत. आपल्या लोकांना मात्र त्यांनी बजावलं, "हेच्या म्होरं शेडला आग लागली तरी कुनी उठायचं न्हाई. मुंबईवाल्याचं एक अक्षर खरं मानायचं न्हाई."

शेवटच्या दिवशी हैदराबादला जिंकायला धावा काढायच्या होत्या आणि विकेटा पटापट चाललेल्या. चौथऱ्यावर आमची चैन. मग याकूबचाचा पाण्याची खेप घेऊन आले. टाकी अर्धीच रिकामी झाली होती, जरा दम खावा म्हणून शेडपाशी आले आणि बसायला काही नाही म्हणून एक घमेलं पालथं घालून त्यावर टेकले. तेव्हापासून विकेट पडेना. पोरं जांभया द्यायला लागली. आबांच्या ते बरोबर ध्यानात आलं.

"याकूब, हलू नको."

"साब, अद्धी टाकी बाकी है. औरतां राह देखरे."

"टाकी कुटं पळून जात न्हाई. बस."

चाचा बसले. घमेल्याची कड टोचत असणार, पण तेही हैदराबादचेच. मी जेवणाचं फडकं झटकून घरी निघाले, कारण मुंबईचं असं चाललेलं मला बघवत नव्हतं.

घरात शिरले तर अक्का मधल्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी आणि चेहरा घामानं निथळणारा. ठकूमावशी, आमच्या गावची सुईण, तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसलेली. आदल्या दिवशीच तिनं तपासून, अजून अवकाश हाय, म्हणून सांगितलं होतं. आता तिनं डोळे उघडले आणि मायकडं बघितलं. "लेकराचे पाय खाली हायेत," ती म्हणाली. "हे माझ्या हातचं काम न्हाई, बाई. केजच्या दवाखान्यात न्या. आन् आत्ताच्या आत्ता." मायला मी साप निघाला तरी घाबरलेली पाहिली नव्हती. तिनं माझा दंड धरला, तिची बोटं थंडगार होती. "पळ," ती म्हणाली, "जीप आन." मी चप्पलसुद्धा घातली नाही.

"आबा, उठा! अक्काला कळा यायल्यात. केजला न्यायचंय, जीप पाहिजे!"

शेडमधून मोठं हसू उठलं. गणपतअण्णांनी मांडी न हलवता टाळी दिली. "आली बघा मुंबईची बाई! परवा चारा, आज कळा!"

"अण्णा, खरं सांगायलेय."

आबांची नजर रेडिओवरून ढळली नाही. "शके, ठकूबाई कालच म्हनलीती, अवकाश हाय म्हनून. एवढी ओव्हर होऊ दे."

"मावशीच म्हनायली, लेकराचे पाय खाली हायेत!"

"भावानं चांगलं पढवून पाठवलंय तुला."

भाऊ चौथऱ्यावरून खाली उडी मारून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आबा, मी कायबी शिकवलं न्हाई. मायची आन!"

"चाऱ्याच्या वक्तालाबी आनच घेतलीतीस की बे," आबा म्हणाले. याकूबचाचा अर्धवट उठले होते. त्यांच्यापुढं आबांनी हात आडवा धरला. "बैठो."

भाऊला गाडी चालवता येत असती तर प्रश्नच नव्हता. पण चाचा सोडून गावात दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती. आणि मला काय करावं ते सुचेना. रडून उपयोग नव्हता, शिपाईसुद्धा त्या दिवशी रडलाच होता. शपथेची भाऊनं वाट लावून ठेवलेली. अक्काचे खांबाला धरलेले हात माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. मी त्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "मुंबई हरू दे! ऐकलं का? माझी मुंबई हरू दे! आज हरू दे, पुढच्या वर्षी हरू दे, कधीच जिंकू देऊ नको! पन उठा आबा, पाया पडते, उठा!"

चौथऱ्यावरचं एक पोरगं "अगं ए!" म्हणालं आणि थांबलं.

आता ज्याला हे वेड नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं, पोर घाबरली, बोलून गेली. तसं नसतं हो. खोटं बोलायचं तर माणूस आईची आन घेईल, देवाची घेईल, लेकराच्या डोक्यावर हात ठेवील. पण सामना रंगलेला असताना, रेडिओ समोर असताना, आपला संघ हरू दे असं कुणी खोट्यानंसुद्धा म्हणत नाही. जीभच वळत नाही. आज चाऱ्याची ट्रक आणणाऱ्या भाऊनं उद्या हत्ती आणले असते, पण हे वाक्य त्याला मारून टाकलं तरी बोलता आलं नसतं, आणि ते मला बोलायला शिकवणं तर त्याहून अशक्य. हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचं रक्तच गेलं.

"याकूब, उठ," ते म्हणाले, आणि स्वतःच चाचांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. घमेलं खडखडत उताराला लागलं. त्याच क्षणी रेडिओवरचा माणूस ओरडला. विकेट पडली होती. कुणी मान वळवून पाहिलं नाही, ना आमच्या चौथऱ्यानं, ना त्यांच्या शेडनं.

मग मात्र सगळं गाव हललं. पोरांनी टाकी जीपपासून सोडवली, गणपतअण्णा म्हातारे असून अक्काच्या बाजेच्या एका खुराला धरून पळत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. अक्काला मागं निजवलं, माय आणि मी तिच्या दोन बाजूंना, पुढं आबा आणि चाचा, मागच्या फळीवर भाऊ लटकलेला. रस्त्याच्या कामावरच्या बायाबापड्यांनी लांबूनच ओळखलं असावं. त्या खडीचे ढीग हातांनी बाजूला सारून वाट करून देत होत्या. अक्कानं माझं मनगट धरलं होतं. "शके, मी जगते का गं?" तिनं विचारलं. मी "हो, हो" म्हणत राहिले. पुढून आबांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मला वाटलं देवाचं काही म्हणत असतील. नीट ऐकलं तर ते उर्दूत पाढे म्हणत होते.

केजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अक्काला हात लावला आणि लगेच तिला आत घेतलं. दार लागलं. आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो, म्हणजे बाकीचे बसले. आबा भिंतीला टेकून उभे होते ते बसलेच नाहीत. मी सांगितलं, "आबा, बसा." ते म्हणाले, "नको. लई बसलो." भाऊनं त्यांना आपल्या गमच्यानं वारा घातला. बाप-लेक एवढे जवळ उभे असलेले मी त्या वर्षी पहिल्यांदाच पाहत होते. वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मग आतून रडणं आलं, चांगलं खणखणीत, आणि डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "मुलगा आहे. पायाळू आलाय. आई चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि मग आबांकडं बघून, "अजून उशीर केला असता तर," एवढंच बोलून आत गेल्या.

आबा तिथंच जमिनीवर बसले. उपरणं तोंडावर धरलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मायनं त्यांना काही बोलायचं ठरवलं असणार, मला तिच्या तोंडावरून कळत होतं, पण ती नुसती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी उगाचच हसत सुटले, आणि अक्काला बघायला आत नेलं तेव्हासुद्धा हसतच होते. ती दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. "खायला काय आणलंस?" तिनं विचारलं. मळमळणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न! याकूबचाचा नुसते "मुबारक, मुबारक" करत होते. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं म्हणतात आमच्याकडं, म्हणून भाऊ म्हणाला, "आबा, आता चाचाला पाणी आणायचं काम न्हाई. भाचा विहीर दाखवंल." आबा उपरण्यातूनच हसले.

समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो तर तिथं रेडिओ चालू. हॉटेलवाल्यानं न विचारता सांगितलं, हैदराबाद हरलं. चाचा उठल्यावर एक गेली आणि मागं सगळी रांगच लागली होती. आबांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरून ठेवला. मग चाचांकडं बघून म्हणाले, "तू उठलास आन् गेलं की रे समदं."

"नै उठता तो क्या होता, साब?" चाचा म्हणाले.

आबांनी मान हलवली. बशी माझ्याकडं सरकवली. "शके, तुझी मुंबई जिंकली बघ," म्हणाले. "तू तोंडानं बोललीस, ते वर कुनी धरलं न्हाई. बरं झालं." खरं सांगते, मला तोवर तीही भीती होतीच, की आपल्यामुळं मुंबई आता कायमची हरणार. ती दुसरी सुटका. चहा गुळाचा होता, धुरकटलेला, आणि त्याच्यासारखा चहा मी पुन्हा प्यायले नाही.

नियम मोडला असं समजू नका. पाऊसपाणी झालं, जिनिंग चालू झाली, सामने पुन्हा होत राहिले आणि हैदराबादवाले पुन्हा मांड्या घालून बसत राहिले. आबांनी त्यात एकच भर घातली. सामन्याला निघताना ते दारात थांबायचे, मायला, मला, अक्का आलेली असली तर अक्काला, एकेकीला विचारायचे, "समदे बरे हायत न्हवं?" हो म्हटलं की चालले. शेडमध्येही प्रत्येकाला विचारूनच रेडिओ लावायचे.

तो पायाळू आता कॅनडात असतो. त्यानं जमिनीखालचं पाणी काही शोधलं नाही, कॉम्प्युटरचं काय ते करतो. त्याचा जीव अजून आपल्या क्रिकेटमध्ये. पहाटे उठून बघत बसतो. त्याचा पोरगा तिथंच जन्मला, तो त्यांच्या शहराच्या बर्फावरच्या हॉकीचा. बापाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पोराला बापाच्या खेळाचा कंटाळा. बाप म्हणतो, "मावशी, याला आपलं काहीच राहिलं नाही." मी म्हणते, अरे, तुझा आजा आणि मामा असेच एका ताटाशी भांडायचे.

परवा त्या पोराचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. मागं टीव्हीवर सामना चाललेला. मी विचारपूस करून ठेवणार तेवढ्यात तो मोडक्या मराठीत ओरडला, "शकूआजी, ठेवू नको! तू आलीस आणि आमचा गोल झाला. हलू नको, तशीच बस!" हे त्याला कुणी शिकवलं असेल? बापानं तर नक्कीच नाही. माझं गॅसवर दूध होतं.

"आधी सांग," मी म्हटलं, "घरात समदे बरे हायत न्हवं?"

तो मागं वळून इंग्रजीत काहीतरी ओरडला. आतून त्याच्या आईचा आवाज आला, मग बापाचा. "बरे आहेत, आजी."

"मग बसले," म्हटलं. दूध उतू गेलेलं ऐकू आलं. उठले नाही.